गाईचं बीजांड, माणसाचं केंद्रक

न्यूकॅसल विद्यापीठातल्या त्या प्रयोगशाळेत कच्चा माल यायचा तो कत्तलखान्यातून. गाय कापल्यावर एरवी टाकून दिले जाणारे बीजांडकोश गोळा करून आणायचे, त्यांच्यावरच्या पाणी भरलेल्या पुटकुळ्यांमध्ये सुई घालून आतला द्रव ओढून घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून एकेक बीजांड वेचायचं. नुसत्या डोळ्यांना ते जेमतेम ठिपक्याएवढं दिसतं. वेचलेली बीजांडं उबेत ठेवून पिकू द्यायची. मग खरं कसबाचं काम सुरू होतं. एका बाजूने काचेची बोथट नळी हलकेच शोषून बीजांडाला जागच्या जागी धरून ठेवते, दुसऱ्या बाजूने केसाहून बारीक नळी आत शिरते आणि गाईचं गुणसूत्रांचं द्रव्य तेवढं खेचून घेते. त्या रिकाम्या कवचात माणसाची पेशी सरकवायची आणि विजेचा अगदी सौम्य धक्का द्यायचा. दोन पेशी एकजीव होतात. सगळं जमून आलं तर साधारण दिवसाभराने एकाच्या दोन होतात, मग दोनाच्या चार.

१ एप्रिल २००८ रोजी न्यूकॅसलच्या संशोधकांनी जाहीर केलं की त्यांच्याकडे असे भ्रूण तयार झाले आहेत. ते तीन दिवस जगले. त्यांतला सर्वांत मोठा ३२ पेशींचा होता.

बत्तीस पेशी म्हणजे नजरेत न भरणारा एक पुंजका. पण त्याच्यावरून ब्रिटनमध्ये दीड वर्ष रान पेटलं होतं आणि ते विझायला अजून अवकाश होता.

माणसाचं केंद्रक ठेवायला गाईचंच बीजांड का, या प्रश्नाचं उत्तर स्त्रियांच्या शरीराशी जाऊन पोचतं. १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या रॉझलिन संस्थेत डॉली मेंढी जन्मली तेव्हा एक रस्ता दिसला. प्रौढ शरीरातल्या पेशीचं केंद्रक रिकाम्या बीजांडात घातलं तर घड्याळ उलटं फिरतं, पेशी पुन्हा भ्रूणावस्थेत जाते. मग स्नायूंची ताकद हळूहळू हिरावून घेणाऱ्या मोटर न्यूरॉन आजाराच्या रुग्णाची एखादी पेशी घ्यायची, तिच्यापासून भ्रूण बनवायचा, त्यातून मूलपेशी काढायच्या आणि त्या चेतापेशी होताना नेमक्या कुठे बिघडतात हे काचेच्या बशीत पाहायचं, अशी ही कल्पना होती. तिच्यातून लगेच औषध निघणार नव्हतं. आजाराला त्याच्या मुळाशी गाठण्याचा तो खटाटोप होता.

अडचण आकड्यांची होती. एक डॉली हाती यायला २७७ बीजांडं खर्ची पडली. मेंढीची २७७ मिळतात. बाईची कुठून आणायची? स्त्रीबीज दान करणारीला दिवसामागून दिवस संप्रेरकांची इंजेक्शनं घ्यावी लागतात, बीजांडकोश सुजतात, क्वचित ती सूज जिवावरही बेतते, आणि शेवटी गुंगी देऊन सुईने बीजं काढली जातात. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी मानवी क्लोनिंगमधून मूलपेशी काढल्याचा दावा केला होता. तो २००५-०६ मध्ये खोटा ठरला, तेव्हा त्यासोबत आणखी एक गोष्ट उघड झाली. त्या फसव्या कामासाठी २ हजारांहून जास्त स्त्रीबीजं वापरली गेली होती आणि देणाऱ्यांत ह्वांग यांच्याच प्रयोगशाळेतल्या हाताखालच्या तरुणी होत्या. न्यूकॅसलमध्येही आयव्हीएफच्या खर्चात सवलत देऊन त्या बदल्यात बाईने काही बीजं संशोधनाला द्यावीत, अशी योजना पुढे आली. मूल व्हावं म्हणून कासावीस झालेल्या बाईपुढे ठेवलेली ही सवलत कितपत मोकळ्या मनाने स्वीकारली जाईल, हा प्रश्न कुणालाही पडावा. त्यापुढे कत्तलखान्यातलं, कुणाच्याही उपयोगाचं न उरलेलं बीजांड वापरणं जास्त सभ्य होतं. या वादातला सर्वांत भक्कम नैतिक मुद्दा हाच होता आणि त्याच्यावर सर्वांत कमी शाई खर्च झाली.

तयार होणाऱ्या भ्रूणात गाय उरायची ती किती? केंद्रक काढून टाकलं तरी बीजांडाच्या पेशीरसात मायटोकॉन्ड्रिया राहतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणांची स्वतःची ३७ जनुकं असतात. माणसाच्या केंद्रकात वीसेक हजार. त्यामुळे संशोधक सांगायचे, हा भ्रूण ९९.९ टक्के मानवी आहे. हिशेब चुकीचा नव्हता, पण लोकांच्या मनात होतं ते वेगळंच आणि तिथे टक्केवारी उपयोगाची नव्हती.

खरं तर माणूस आणि प्राणी यांच्या पेशी एकत्र येण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९६५ मध्ये ऑक्सफर्डला हेन्री हॅरिस आणि जॉन वॉटकिन्स यांनी माणसाच्या आणि उंदराच्या पेशी एकमेकींत मिसळून दाखवल्या होत्या. कोणतं जनुक कोणत्या गुणसूत्रावर बसलेलं आहे हे शोधायला पुढे असल्याच मिश्र पेशी कामी आल्या. हॅमस्टरची कथा तर आणखी घरगुती. हवाई विद्यापीठात र्‍युझो यानागिमाची यांनी १९७६ मध्ये दाखवलं की हॅमस्टरच्या बीजांडावरचं कवच काढून टाकलं तर माणसाचा शुक्रजंतू आत शिरू शकतो. वंध्यत्वाच्या दवाखान्यांना आयती चाचणी मिळाली. नवऱ्याचे शुक्रजंतू समर्थ आहेत का, हे हॅमस्टरच्या बीजांडावर पाहायचं.

ब्रिटनमध्ये १९८२ साली तत्त्वज्ञ मेरी वॉरनॉक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राउन, तेव्हा चार वर्षांचं होतं. समितीचा १९८४ चा अहवाल आजही उद्धृत होतो तो १४ दिवसांच्या मर्यादेमुळे. त्या सुमारास भ्रूणावर पहिली पुसटशी रेघ उमटते आणि इथून एकच जीव घडणार हे ठरतं; त्याआधी त्याचे जुळे होऊ शकतात. हॅमस्टरचा विचारही त्या समितीने केला होता. १९९० च्या कायद्यात तो आला. शुक्रजंतूंच्या चाचणीसाठी परवानगी घेऊन असा संकर करता येईल, मात्र दोन पेशींच्या टप्प्यापलीकडे तो जाऊ द्यायचा नाही. म्हणजे माणूस आणि हॅमस्टर यांचा खराखुरा संकर, दोन पेशींपुरता का होईना, ब्रिटिश कायद्याला अठरा वर्षं मान्य होता. त्याविरुद्ध असं रान पेटलं नव्हतं.

गाईची गोष्ट पुढे आली ती अमेरिकेतून. होसे सिबेली या संशोधकाने स्वतःच्याच पेशी घेऊन गाईच्या रिकाम्या बीजांडात घातल्या होत्या. १९९८ च्या नोव्हेंबरात ॲडव्हान्स्ड सेल टेक्नॉलॉजी या कंपनीने ते जाहीर केलं आणि दोन दिवसांत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आपल्या जैवनीती आयोगाला पत्र धाडलं, की ही बातमी अस्वस्थ करणारी आहे, तुमचं मत तातडीने कळवा. २००३ मध्ये शांघायहून शेंग हुइचेन यांच्या गटाने सशाच्या बीजांडात मानवी केंद्रक घालून त्यातून मूलपेशी काढल्याचं प्रसिद्ध केलं. २००६ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणातच मानव-प्राणी संकरावर बंदी मागितली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून स्टीफन मिंगर आणि न्यूकॅसलमधून लायल आर्मस्ट्राँग यांनी ब्रिटनच्या नियामक संस्थेकडे परवान्यासाठी अर्ज केले. कामासाठी गाईची बीजांडं वापरायची, मुदत चौदा दिवसांच्या आतली, आणि हा भ्रूण कुणाच्याही गर्भाशयात ठेवायचा नाही. महिन्याभरात सरकारची श्वेतपत्रिका आली. असे भ्रूण बनवण्यावर बंदी घालावी, अपवाद पुढे पाहू, असा तिचा सूर होता. संशोधक खवळले. ४५ जणांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहिलं, रुग्णांच्या संघटना मागे उभ्या राहिल्या, खासदार फिल विलिस यांच्या विज्ञान समितीने सरकारलाच धारेवर धरलं. काही महिन्यांत सरकारने पवित्रा बदलला.

मधल्या काळात नियामक संस्थेने लोकांना विचारायचं ठरवलं. सर्वेक्षण झालं, बैठका झाल्या. त्यातून आलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बहुतांश मानवी आणि थोडासा प्राण्याचा असा भ्रूण बनवावा का, एवढंच विचारलं तर जेमतेम एक तृतीयांश लोक हो म्हणाले. आजार समजून घ्यायला त्याचा उपयोग होऊ शकतो असं सांगितल्यावर होकार साठ टक्क्यांच्या पुढे गेला. कशासाठी हे कळलं की बऱ्याच जणांचा निर्णय बदलत होता. उरलेल्यांचा मात्र कारण कळूनही बदलला नाही, आणि त्यांना अडाणी म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं होतं.

मराठीत हा पेच एकाच शब्दात साठलेला आहे. संकरित ज्वारी, संकरित कापूस, संकरित गाय म्हणताना आपल्याला काही खटकत नाही. साठच्या दशकात ‘हायब्रीड’ आलं आणि भाकरीच्या चवीवरून कुरकुर झाली, तेवढीच. पण त्याच शब्दाआधी ‘वर्ण’ लावला की हजारो वर्षांची भीती, जातीची कुंपणं आणि त्यांखाली चिरडलेली माणसं उभी राहतात. हद्द ओलांडली गेली या भावनेने माणसांनी माणसांवर काय काय केलं आहे, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. किळस वाटणं हा नीतीचा पुरावा होऊ शकत नाही, असं म्हणायला मराठी माणसापाशी इतरांपेक्षा जास्त कारणं आहेत.

ब्रिटनमधल्या कॅथलिक बिशपांचा आक्षेप तरी निव्वळ किळसेचा नव्हता, हे नमूद करायलाच हवं. २००७ च्या जूनमध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी संसदीय समितीला लेखी कळवलं, की असे भ्रूण बनवूच नयेत; पण बनवलेच आणि ते मुख्यतः मानवी असतील, तर त्यांनाही जगण्याचा हक्क आहे, आणि जिचं बीज वापरलं त्या बाईला तो गर्भ वाढवायची इच्छा असेल तर तिला अडवू नये. वृत्तपत्रांनी याची टर उडवली. नीट वाचलं तर त्यांचं म्हणणं सुसंगत होतं. भ्रूण हा जीव आहे आणि जीवाचा उपयोग साधन म्हणून करायचा नाही. प्राण्याचा अंश आहे म्हणून त्याला कमी लेखायला ते तयार नव्हते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी वाद घालायचा तो या मुद्द्याशी. गाईच्या डोक्याच्या माणसाची व्यंगचित्रं काढून तो निकालात निघत नव्हता.

१७ जानेवारी २००८ ला दोन्ही विद्यापीठांना परवाने मिळाले. नवा कायदा अजून संसदेत होता. त्यासाठी नावही नवं घडवलं गेलं, ‘मानवी मिश्र भ्रूण’. त्याचे प्रकार पाडले. गाईच्या रिकाम्या बीजांडातलं मानवी केंद्रक हा एक. माणूस आणि प्राणी यांची बीजं मिळून झालेला खरा संकर हा दुसरा. मानवी भ्रूणात प्राण्याचं एखादं जनुक घातलेला तिसरा, प्राण्याच्या पेशी घातलेला चौथा. सगळ्यांना १४ दिवसांची मर्यादा, आणि बाईच्या किंवा जनावराच्या गर्भाशयात ठेवायला सक्त मनाई.

त्या वर्षी ईस्टर २३ मार्चला होता. एडिंबराच्या प्रवचनात कार्डिनल कीथ ओब्रायन यांनी हे विधेयक म्हणजे मानवी हक्क, मानवी प्रतिष्ठा आणि मानवी जीवन यांच्यावरचा राक्षसी हल्ला असल्याचं म्हटलं आणि फ्रँकेन्स्टाइनचं नाव घेतलं. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या मंत्रिमंडळात रूथ केली, डेस ब्राउन आणि पॉल मर्फी हे तीन कॅथलिक मंत्री होते. पक्षादेश काढला तर ते राजीनामे देतील अशी चर्चा सुरू झाली. दोन दिवसांत पंतप्रधान नमले. वादग्रस्त कलमांवर प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकाला स्मरून मत द्यावं, पण शेवटी विधेयकाच्या बाजूने उभं राहावं, अशी तोड निघाली. पंतप्रधान ब्राउन यांचा धाकटा मुलगा सिस्टिक फायब्रोसिसचा रुग्ण आहे. त्यांनी मतदानाच्या आदल्या दिवशी ‘ऑब्झर्व्हर’मध्ये लेख लिहून विधेयकाची बाजू मांडली.

१९ मे २००८. कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे एडवर्ड ली यांनी मिश्र भ्रूणांवर सरसकट बंदी घालणारी दुरुस्ती मांडली. ती ३३६ विरुद्ध १७६ मतांनी फेटाळली गेली. विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरून यांनीही बंदीच्या विरोधात मत दिलं. त्यानंतर फक्त खऱ्या संकरावर बंदी मागणारी दुरुस्ती आली. तीही पडली, पण २८६ विरुद्ध २२३ अशी. दोन मतदानांच्या मध्ये जवळपास पन्नास जण कुंपणाच्या पलीकडे गेले. रिकाम्या बीजांडापर्यंत त्यांची साथ होती. शुक्रजंतू आणि बीजांड एकमेकांना भेटणार म्हटल्यावर त्यांचे पाय अडले. ही रेघ त्यांनी स्वतःसाठी आखली होती. त्या रात्री झालेलं सर्वांत प्रामाणिक मतदान बहुधा हेच.

विधेयकाला १३ नोव्हेंबर २००८ ला राणीची संमती मिळाली.

या विजयात एक गोष्ट मात्र डाचत राहते. अल्झायमर, पार्किन्सन, मोटर न्यूरॉन ही नावं त्या दोन वर्षांत इतक्या वेळा घेतली गेली, की टीव्हीपुढे बसलेल्या रुग्णाला वाटावं, इलाज आता कायद्याच्या सहीवर अडला आहे. संशोधक आपसात बोलताना असं कधीच म्हणत नव्हते. त्यांना ठाऊक होतं की ही पहिली पायरी आहे आणि ती निसटूही शकते. पण मतं जिंकायची असतात तेव्हा ‘कदाचित’ हा शब्द गळून पडतो. ज्याच्या हातातला चहाचा कप थरथरतो त्याच्यापुढे असं बोलणं ही छोटी चूक नव्हती. विरोधकांनी राक्षसाची भीती घातली, तशीच समर्थकांनी इलाजाची आस लावली.

आणि दार उघडलं तोवर आतलं सामान हललं होतं. मतदानाच्या सहा महिने आधी, २० नोव्हेंबर २००७ ला, क्योतोचे शिन्या यामानाका आणि विस्कॉन्सिनचे जेम्स थॉमसन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे जाहीर केलं की मानवी त्वचेच्या पेशीत मोजकी चार जनुकं घातली की ती मूलपेशीसारखी वागू लागते. त्यासाठी बीजांडाची गरज नाही आणि भ्रूणाचीही नाही. डॉलीचे जनक इयन विल्मट यांनी त्याच सुमारास सांगितलं की आपण क्लोनिंगचा मार्ग सोडून या मार्गाने जाणार आहोत. २०१२ चं नोबेल यामानाका यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. २००९ च्या जानेवारीत बातमी आली की मिश्र भ्रूणांच्या प्रकल्पांना सरकारी संशोधन परिषदांनी अनुदान नाकारलं आहे. इतर प्रस्ताव सरस ठरले होते. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या रॉबर्ट लान्झा यांच्या गटाने उंदीर, ससा आणि गाय या तिघांच्या बीजांडांवर केलेलं काम छापलं. मानवी केंद्रक घातलेली ही बीजांडं विभागत होती, पण भ्रूणाला मूलपेशी बनवणारी जनुकं त्यांत जागीच होत नव्हती. गाईचं बीजांड मानवी केंद्रकाचं घड्याळ उलटं फिरवू शकत नव्हतं. कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ ऑक्टोबर २००९ ला. मिंगर तोवर विद्यापीठ सोडून जीई हेल्थकेअरमध्ये गेले होते.

न्यूकॅसलला हाताचं कसब तेवढं राहिलं. केंद्रक उचलून दुसऱ्या रिकाम्या बीजांडात ठेवण्याचीच विद्या, यावेळी बाईच्या बीजातून बाईच्या बीजात. आईच्या सदोष मायटोकॉन्ड्रियामुळे होणारे जीवघेणे आजार टाळण्यासाठी ती वापरायला संसदेने २०१५ च्या फेब्रुवारीत ३८२ विरुद्ध १२८ मतांनी मुभा दिली. २००८ च्या कायद्यातच त्यासाठी फट ठेवलेली होती. २०२५ च्या जुलैत न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी या मार्गाने आठ बाळं जन्मल्याचं सांगितलं.

मिश्र भ्रूण मात्र दुसऱ्या बाजूने परत आला आहे. आता भ्रूण जनावराचा असतो आणि पेशी माणसाच्या. प्रत्यारोपणासाठी अवयव मिळत नाहीत, तेव्हा डुकराच्या अंगात माणसाचा अवयव वाढवता येईल का, हा शोध सुरू आहे. ब्रिटनच्या अकॅडमी ऑफ मेडिकल सायन्सेसने २०११ मध्येच बजावून ठेवलं होतं की अशा प्राण्यांबाबत काळजी घ्यायची ती मेंदूची, प्रजननाची आणि रूप किंवा वागणूक माणसासारखी होण्याची. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या साल्क संस्थेने डुकरिणींच्या गर्भाशयात २०७५ भ्रूण ठेवले; त्यांतले १८६ वाढले आणि त्यांत माणसाची पेशी लाखात एखादी. २०२१ मध्ये चीनमध्ये माकडाच्या १३२ भ्रूणांमध्ये मानवी पेशी सोडल्या गेल्या, तेव्हा भ्रूण बशीतच होते, पण पेशी बऱ्याच जास्त टिकल्या.

आणि २०२३ च्या सप्टेंबरात ग्वांगजौच्या गटाचा शोधनिबंध आला. डुकराच्या भ्रूणात मूत्रपिंड घडवणारी जनुकं बंद करून ती जागा माणसाच्या पेशींसाठी रिकामी ठेवली होती. १८२० भ्रूण, १३ डुकरिणी. तपासलेल्या पाच भ्रूणांमध्ये मूत्रपिंडं आकार घेत होती आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त पेशी माणसाच्या होत्या. शरीरात इतरत्रही शोध घेतला गेला. जननग्रंथी जिथे घडतात तिथे मानवी पेशी नव्हत्या. मेंदूत आणि मज्जारज्जूत मात्र त्या सापडल्या, अगदी तुरळक. ते गर्भ पंचविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशीच बाहेर काढलेले होते.